पदवी आणि परमुलूख

1958 साली रोम विद्यापीठाच्या कचेरीत, अर्ज आणि दाखले स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, सोफिया कोर्रादी नावाची एक तेविशी-चोविशीतली विद्यार्थिनी हातात सनद घेऊन उभी होती. रोममध्ये कायद्याचा अभ्यासक्रम जवळजवळ पुरा करीत आणून ती फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली होती आणि तेथे कसून अभ्यास करून कायद्याची उच्च पदवी घेऊन परतली होती. आपण तिकडे जे शिकलो ते येथे जमेस धरावे, म्हणजे राहिलेल्या थोड्या परीक्षांतून सूट मिळून रोमची पदवी पदरात पडेल, एवढेच तिचे मागणे होते. अधिकाऱ्याने तो कागद पाहिला आणि चारचौघांदेखत तिला खडसावले की, अमेरिकेत मौज करून यायचे आणि तिच्या मोबदल्यात येथली पदवी मागायची, हे येथे चालणार नाही; पदवी हवी असेल तर अभ्यासाला लागावे. कोर्रादीबाईंनी राहिलेल्या परीक्षा दिल्या आणि पदवी घेतली; पण ती सकाळ त्या विसरल्या नाहीत आणि पुढे आयुष्यभर त्यांनी ती जगाला सांगितली.

त्या अधिकाऱ्याच्या बोलण्यातला उद्धटपणा वजा केला तरी त्यामागचा प्रश्न शिल्लक राहतोच. ज्या विद्यापीठाची इमारत आपण पाहिली नाही, ज्याचे अध्यापक आपल्या ओळखीचे नाहीत, ज्याच्या परीक्षेची काठिण्यपातळी आपल्याला ठाऊक नाही, त्याने दिलेल्या दाखल्यावर आपण का म्हणून विश्वास ठेवावा? आपल्याकडे एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाताना स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र यांसाठी ज्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आहेत, त्यांना या प्रश्नाची धग निराळी सांगायला नको. युरोपखंडात हा प्रश्न विद्यापीठांच्या जन्मापासूनच उभा आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर सापडेपर्यंत तेथे साडेसातशेहून अधिक वर्षे उलटून गेली.

प्रारंभी हे उत्तर वरून आले. बाराव्या शतकाच्या मध्यास पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ‘हाबिता’ या नावाने प्रसिद्ध असलेले फर्मान काढून विद्येसाठी परमुलखात हिंडणाऱ्यांना अभय दिले. एखाद्याच्या देशबांधवाने केलेल्या कर्जापायी त्या निरपराध विद्यार्थ्याच्या सामानसुमानाची जप्ती करू नये, इतकी व्यावहारिक बाब त्या फर्मानात होती. पण या फर्मानाने विद्यार्थ्याच्या देहाला आणि मालमत्तेला संरक्षण दिले, त्याच्या विद्येला नव्हे. विद्येला संरक्षण मिळाले ते तुलूजच्या निमित्ताने. दक्षिण फ्रान्समधील पाखंडी पंथाविरुद्धचे दीर्घ युद्ध 1229 च्या तहाने संपले, त्यात पराभूत काउंट रेमंड सातवा याच्यावर चौदा अध्यापकांचा दहा वर्षांचा पगार भरण्याचे कलम लादले गेले आणि त्या दंडाच्या पैशातून तुलूजचे विद्यापीठ उभे राहिले. असल्या नवख्या, जबरदस्तीने वसवलेल्या ठिकाणी विद्यार्थी यावेत कसे? म्हणून पोप ग्रेगरी नववा याने 1233 मध्ये आज्ञापत्र दिले की, तुलूजमध्ये परीक्षा देऊन ज्याला अध्यापनाचा परवाना मिळाला, त्याला अन्यत्र कोठेही पुन्हा परीक्षा न देता शिकवण्याची मुभा राहील. ‘सर्वत्र अध्यापनाचा अधिकार’ म्हणून इतिहासात ओळखली जाणारी कल्पना ती हीच.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष होती. सर्व ख्रिस्ती जगाचा धर्मगुरू एक, म्हणून त्याच्या शिक्क्याचे वजनही सर्वत्र एक. प्रत्यक्षात मात्र जुन्या विद्यापीठांचा अभिमान त्या शिक्क्यापुढे वाकेना. 1255 मध्ये पोप अलेक्झांडर चौथा याने सालामांकाच्या पदवीधरांना हाच अधिकार बहाल केला, तेव्हा पॅरिस आणि बोलोन्या यांना त्यातून वगळावे लागले; म्हणजे सालामांकाचा पंडित जगात कोठेही शिकवू शकेल, पण जेथे शिकवण्याची त्याला सर्वांत अधिक हौस असणार त्या दोन नगरांत नव्हे. खुद्द बोलोन्या आणि पॅरिस या विद्यापीठांना तो अधिकार रीतसर मिळाला तो 1291 व 1292 मध्ये, पोप निकोलस चौथा याच्या हातून. तोवर त्यांनी तो परंपरेच्या बळावर आपलाच मानला होता. ऑक्सफर्डसाठी इंग्लंडच्या राजाने पोपकडे रदबदली केली, पण तशी सनद ऑक्सफर्डच्या वाट्याला कधीच आली नाही, आणि पॅरिस व ऑक्सफर्ड ही दोन्ही विद्यापीठे एकमेकांच्या अध्यापकांना फेरपरीक्षेवाचून आत घेण्यास कुरकुर करीत राहिली. तिसऱ्याने वरून हुकूम सोडल्याने दोघांत विश्वास निर्माण होत नाही, हा धडा युरोपला तेव्हाच मिळाला होता. तो उमगण्यास मात्र फार काळ जावा लागला.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या वादळाने तो एकछत्री शिक्काही भंगला. आता पदवीबरोबर पदवीधराचा पंथही तपासला जाऊ लागला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने 1559 मध्ये हुकूम काढून कास्तिलच्या विद्यार्थ्यांना बोलोन्या, रोम, नेपल्स आणि कोइंब्रा एवढे अपवाद सोडून परदेशी विद्यापीठांत जाण्यास मनाई केली. पाखंडी विचार पुस्तकांबरोबर आणि पदव्यांबरोबर सीमा ओलांडतील, ही त्याची धास्ती होती. 1564 मध्ये पोप पायस चौथा याने पदवी घेणाऱ्या प्रत्येकाने कॅथलिक श्रद्धेची शपथ घेतलीच पाहिजे असा दंडक घातला. या दंडकातून वाट काढली ती व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने. त्यांचे पादुआ विद्यापीठ जर्मन, इंग्रज अशा परपंथीय विद्यार्थ्यांनी गजबजलेले असे; ते निघून जाणे नगराच्या कीर्तीला आणि तिजोरीलाही परवडणारे नव्हते. म्हणून पवित्र रोमन सम्राटाकडून पदवीदानाचा अधिकार मिळालेल्या ‘पॅलाटाइन काउंट’ या मानकऱ्यांच्या हातून अशा विद्यार्थ्यांना शपथेवाचून पदवी देण्याची पद्धत पडली, आणि 1616 मध्ये व्हेनिसने त्यासाठी आपल्याच अधिकारात एक स्वतंत्र मंडळ स्थापन केले.

रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडणारा विल्यम हार्वी पॅलाटाइन काउंटाच्या वाटेनेच डॉक्टर झाला. 25 एप्रिल 1602 रोजी पादुआत त्याने वैद्यकाची पदवी घेतली आणि मायदेशी परतल्यावर त्याच वर्षी केंब्रिजनेही त्याला तीच पदवी दिली. तरीही लंडनमध्ये वैद्यकी करण्यासाठी तेथील वैद्यांच्या महाविद्यालयाने त्याची स्वतंत्र परीक्षा घेतलीच, आणि पूर्ण सभासदत्व त्याला मिळाले ते 1607 मध्ये. विद्वत्तेची मान्यता आणि व्यवसायाचा परवाना या दोन वस्तू भिन्न आहेत, हे हार्वीच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. पहिली विद्यापीठाच्या हाती, दुसरा व्यवसायाच्या रखवालदारांच्या हाती, आणि आजही युरोपात या दोहोंचे कायदे वेगवेगळे आहेत.

एकोणिसाव्या शतकात राष्ट्रराज्ये बलवान झाली आणि पदवीवर धर्मपीठाऐवजी सरकारचा शिक्का आला. ब्रिटनच्या 1858 च्या वैद्यकीय कायद्याने डॉक्टरांची सरकारी नोंदवही सुरू केली, आणि तीत नव्याने नाव घालण्यास परदेशी पदवी पुरेशी राहिली नाही. हा नियम सर्वांना सारखाच होता. पण त्याचा फटका बसला तो मुख्यतः स्त्रियांना, कारण ब्रिटिश विद्यापीठे त्यांना वैद्यकाची पदवी देत नव्हती आणि ज्या झुरिच व पॅरिस येथे ती मिळत होती तेथली पदवी ब्रिटनमध्ये चालत नव्हती. इकडे आड तिकडे विहीर अशी ही अवस्था होती. ती पालटण्यास आरंभ झाला तो 1877 मध्ये, जेव्हा डब्लिनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाने परदेशी पदवी घेतलेल्या स्त्रियांना आपल्या परीक्षेस बसू देऊन परवाना देण्यास सुरुवात केली.

या कहाणीत एक मराठी नाव आहे, आणि ते अभिमानाने घ्यावे असे आहे. बालपणी लावून दिलेला विवाह नाकारून मुंबईच्या न्यायालयात लढलेल्या रखमाबाई वैद्यकाच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या, स्त्रियांसाठी तेथे स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, परवान्याची परीक्षा त्यांनी स्कॉटलंडमधील वैद्यकीय महाविद्यालयांतून दिली, आणि एम. डी. ही पदवी 1894 मध्ये बेल्जियममधील ब्रुसेल्स येथून घेतली. अध्ययन एका देशात, परवाना दुसऱ्यात आणि पदवी तिसऱ्यात, असा हा प्रवास आहे. शिकलेले कोठे जमेस धरले जाईल याचा माग काढीत हिंडणे, हा त्या काळी स्त्रीच्या विद्यार्जनाचाच एक भाग होऊन बसला होता.

नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. 1892 मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी कायद्याची बी. सी. एल. परीक्षा दिली, ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण स्त्रीला पदवी देण्याची तरतूदच ऑक्सफर्डच्या नियमांत नव्हती. ती पदवी त्यांच्या हाती पडली तीस वर्षांनी, 1922 मध्ये. त्यांच्या बाबतीत देशाची सीमासुद्धा आड आली नव्हती. ज्या विद्यापीठाने शिकवले आणि परीक्षा घेतली, तेच आपल्या विद्यार्थिनीच्या विद्येला नाव द्यायला तयार नव्हते.

नेमक्या याच अन्यायातून डब्लिनची एक विलक्षण घटना घडली. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज यांच्यात जुना शिरस्ता होता की, एकाचा पदवीधर दुसऱ्याकडे गेला तर त्याला तीच पदवी तेथेही द्यावी. 1904 मध्ये ट्रिनिटीने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये सर्व परीक्षा उत्तीर्ण होऊनही ज्यांना पदवी मिळाली नव्हती अशा स्त्रियांनाही या शिरस्त्याचा लाभ देण्याचे ठरवले. मूठभर आयरिश स्त्रिया येतील, असा कॉलेजचा अंदाज होता. प्रत्यक्षात 1904 ते 1907 या अवधीत सातशेहून अधिक स्त्रिया आल्या. कोणी शाळेत शिकवणाऱ्या होत्या, कोणी मुख्याध्यापिका. काहींना परीक्षा देऊन वर्षांमागून वर्षे लोटली होती. आयरिश समुद्र ओलांडून त्या डब्लिनला उतरत, झगा चढवून समारंभात उभ्या राहत, आपल्या नावाची पुकार ऐकत आणि पदवी घेऊन माघारी जात. आगबोटीने आल्या म्हणून त्यांना ‘आगबोटीच्या बायका’ असे नावच पडले. त्यांनी भरलेल्या शुल्कातून ट्रिनिटीने विद्यार्थिनींसाठी वसतिगृहाची सोय केली, म्हणजे पुढच्या मुलींच्या डोक्यावरचे छप्पर मागच्यांच्या पदव्यांतून उभे राहिले. या स्त्रियांनी डब्लिनच्या एकाही वर्गात पाऊल टाकले नव्हते. तरी दुसऱ्या विद्यापीठातले त्यांचे अध्ययन खरे आहे, एवढे मान्य करण्यास ट्रिनिटीला कोणत्याही पोपची वा राजाची आज्ञा लागली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या दिल्या 1920 मध्ये, केंब्रिजने 1948 मध्ये.

दुसऱ्या महायुद्धाने युरोपची नगरे उद्ध्वस्त केली आणि त्या राखेतून 1949 मध्ये युरोप परिषद ही संस्था स्ट्रासबुर्ग येथे उभी राहिली. या परिषदेने अगदी आरंभीच्या वर्षांत जे करारनामे हाती घेतले त्यांत विद्यार्थ्यांचे दाखले होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या फौजा एकमेकांवर तोफा डागीत होत्या, ती राष्ट्रे आता एकमेकांच्या शाळांच्या निकालावर विश्वास ठेवण्याचे कलम लिहीत होती. 1953 च्या करारनाम्याने विद्यापीठप्रवेशाची पात्रता देणारे शालेय दाखले परस्परांत ग्राह्य ठरवले. 1956 च्या करारनाम्याने परदेशी विद्यापीठात घालवलेल्या अध्ययनकाळाचा विचार केला. आणि 1959 च्या करारनाम्याने प्रत्यक्ष पदव्यांना हात घातला.

यांपैकी 1956 चा मजकूर वाचताना त्या काळच्या राज्यकर्त्यांची सावध पावले डोळ्यांपुढे येतात. आधुनिक भाषांचा विद्यार्थी दुसऱ्या देशाच्या विद्यापीठात राहिला आणि तेथल्या विद्यापीठाने त्याचा अभ्यास समाधानकारक झाल्याचे लिहून दिले, तर तो काळ स्वदेशातल्या तितक्याच काळाशी समान धरावा, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. फ्रेंच शिकणारा जर्मन मुलगा वर्षभर फ्रान्समध्ये राहिला तर त्याचे फ्रेंच सुधारेलच, हे कबूल करण्यास कोणाची हरकत असणार! पण विज्ञानादी अन्य विषयांच्या बाबतीत मात्र अशी समानता कशी आणता येईल याचा विचार करावा, एवढ्यावरच भागवले गेले. शिवाय ज्या देशांत हा निर्णय सरकारच्या हाती नसून स्वायत्त विद्यापीठांच्या हाती होता, तेथे सरकारने तो मजकूर विद्यापीठांकडे पाठवून अनुकूल विचार करण्याची विनंती करावी, इतकेच बंधन होते. विनंतीपत्रे कपाटात पडून राहतात, हे सांगायला नको. हे करारनामे मुख्यतः ‘समकक्षता’ या शब्दाभोवती फिरत होते, आणि गाठ नेमकी तेथेच होती. समकक्षता म्हटली की मोजमाप आले: तुमच्या अभ्यासक्रमात हा विषय आहे का, तितकेच तास आहेत का, तेच पुस्तक आहे का? दोन विद्यापीठे कधीच तंतोतंत सारखी नसतात. मग समकक्षता शोधणाऱ्याला फरक सापडल्यावाचून कसा राहील?

कोर्रादीबाई रोमच्या कचेरीत उभ्या राहिल्या तेव्हा ही परिस्थिती होती. पुढे इटलीतील विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या परिषदेच्या सल्लागार म्हणून काम करताना त्यांनी 1969 मध्ये टिपण लिहिले की, विद्यार्थ्याने काही अभ्यास परदेशी विद्यापीठात करावा आणि आधी मंजूर करून घेतलेल्या योजनेनुसार तो स्वदेशी पदवीत जमा व्हावा. ‘आधी मंजूर’ या दोन शब्दांत मोठे शहाणपण होते. परतल्यावर कचेरीत वाद घालण्यापेक्षा निघण्यापूर्वीच दोन विद्यापीठांनी बोलून घ्यावे, हा त्याचा आशय. त्या कल्पनेला फळ येण्यास सतरा-अठरा वर्षे लागली. 1976 पासून युरोपीय समुदायाने निरनिराळ्या देशांतील विद्यापीठविभागांना संयुक्त अभ्यासक्रमांसाठी साहाय्य देण्यास सुरुवात केली, आणि त्या लहान प्रयोगांतून अनुभव जमत गेला. 1985 मध्ये युरोपीय न्यायालयाने एका प्रकरणाचा निकाल दिला: चित्रकथा काढण्याची कला शिकण्यासाठी बेल्जियममधील लिएज नगरात आलेल्या एका फ्रेंच विद्यार्थिनीकडून परदेशी म्हणून जादा शुल्क मागण्यात आले होते. व्यवसायशिक्षणाच्या बाबतीत असा भेदभाव समुदायाच्या कायद्यात बसत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला, आणि विद्यार्थ्यांच्या संचारासाठी सामुदायिक योजना आखण्याची कायदेशीर वाट त्यामुळे बरीच मोकळी झाली.

15 जून 1987 रोजी ‘इरॅस्मस’ योजना मंजूर झाली आणि पहिल्या वर्षी अकरा देशांतील 3,244 विद्यार्थी परमुलखात गेले. ज्या पंडिताचे नाव योजनेला लाभले, त्या इरॅस्मसनेही पॅरिसला अध्ययन केले होते आणि धर्मशास्त्रातील डॉक्टरची पदवी मात्र 1506 मध्ये इटलीतल्या तुरीन येथे, थोड्याच दिवसांच्या मुक्कामात घेतली होती. त्याच्या नावाने निघालेल्या योजनेचा कणा मान्यता हाच होता. तिकडे झालेला अभ्यास इकडे धरला जाईल, अशी हमी असल्याखेरीज गरीब घरचा मुलगा एक वर्ष पणाला लावील कसा? म्हणून 1989 मध्ये 145 संस्थांनी व्यवस्थापन, इतिहास, वैद्यक, रसायनशास्त्र आणि यंत्र अभियांत्रिकी या पाच विषयांत श्रेयांकांची पद्धत चालवून पाहिली. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे 60 श्रेयांक, असे एक सामाईक नाणे पाडले गेले. प्रत्येक विद्यापीठाचे पुस्तक वेगळे राहिले, अध्यापक वेगळे राहिले; पण विद्यार्थ्याने किती श्रम केले याचा हिशेब दोन्हीकडे एकाच मापाने होऊ लागला.

आता उरली होती ती मुळातली गाठ. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व युरोपातील अनेक राष्ट्रे या व्यवस्थेत येऊ पाहत होती, युगोस्लाव्हियाच्या युद्धाने असंख्य माणसे परागंदा झाली होती, आणि तुकड्यातुकड्यांनी केलेले जुने करारनामे अपुरे पडत होते. युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून 11 एप्रिल 1997 रोजी लिस्बन येथे नवा करारनामा केला आणि 1 फेब्रुवारी 1999 पासून तो अमलात आला. या करारनाम्याने ‘समकक्षता’ बाजूला सारून ‘मान्यता’ हा शब्द पुढे आणला. परक्या देशातील पदवी किंवा तेथे केलेला अध्ययनकाळ मान्य करावा. तो नाकारायचा असेल तर आपल्या आणि त्यांच्या शिक्षणात महत्त्वाचा फरक आहे हे दाखवून द्यावे. आणि ते दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेची राहील. पुराव्याचे ओझे विद्यार्थ्याच्या खांद्यावरून उतरून कचेरीच्या टेबलावर गेले. सारखेपणा सिद्ध करणे विद्यार्थ्याला अशक्यप्राय होते. महत्त्वाचा फरक सिद्ध करणे संस्थेला शक्य आहे, पण त्यासाठी तिला दुसऱ्याचा अभ्यासक्रम आधी वाचावा लागतो. अपमान करून फाइल मिटवण्याची सोय त्यामुळे राहिली नाही. त्याच 1999 च्या जून महिन्यात बोलोन्या नगरात 29 देशांच्या प्रतिनिधींनी पदव्यांची रचना एकमेकांना समजेल अशी करण्याचा संकल्प केला, आणि पुढे पदवीबरोबर ती कशी मिळवली याचे सविस्तर विवरणपत्र देण्याचा प्रघात पडत गेला.

या साऱ्याने अडचणी संपल्या असे नव्हे. नियम बदलला म्हणून खिडकीमागचा प्रत्येक मनुष्य बदलत नाही. पण नियमाची दिशा कोणत्या माणसाकडे पाहून ठरवली गेली, हे लिस्बन करारनाम्याच्या सातव्या विभागात दिसते. युद्धामुळे वा छळामुळे पळून आलेल्या निर्वासिताजवळ कागद नसला तरी त्याच्या शिक्षणाचे मूल्यमापन न्याय्य रीतीने आणि विनाविलंब करण्याची वाट प्रत्येक राष्ट्राने काढावी, असे तो विभाग सांगतो. हे कलम बरीच वर्षे पुष्कळ देशांत कागदावरच राहिले. 2017 मध्ये युरोप परिषदेने ग्रीसमध्ये त्याचा प्रत्यक्ष प्रयोग आरंभला. निर्वासिताने आपल्या शिक्षणाची माहिती लिहून द्यायची, जे काही कागद उरले असतील ते दाखवायचे, आणि मग जाणकार परीक्षकांनी त्याच्यासमोर बसून बोलायचे: कोणत्या विद्यापीठात होतात, कोणते विषय होते, परीक्षा कशा होत असत, प्रयोगशाळेत काय केलेत? त्या बोलण्यातून खातरजमा झाली की त्याच्या शिक्षणाची, अनुभवाची आणि भाषाज्ञानाची नोंद असलेला, पाच वर्षे ग्राह्य राहणारा एक दस्तऐवज त्याला मिळतो.

तुलूजच्या परवान्यामागे पोपचा शिक्का होता, हार्वीच्या पदवीमागे सम्राटाचा अधिकार होता, आगबोटीच्या बायकांमागे त्यांच्या परीक्षांचे निकाल होते. ग्रीसमधल्या त्या टेबलाशी बसलेल्या माणसामागे यांतले काहीच नसते. घर गेलेले, विद्यापीठ बंद पडलेले, सनद कोठेतरी हरवलेली. तरी त्याला सर्वांत आधी विचारले जाते ते तो काय शिकला हेच, आणि उत्तर देण्यासाठी त्याच्यासमोर एक खुर्ची मांडलेली असते. सोफिया कोर्रादींना रोममध्ये सनद हातात असूनही हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.